फळ्यावरचं पहिलं घर

जठर जी वाक्यं बोलायचं, ती मी लिहायचे.

जठर म्हणजे आमच्या बिल्डिंगीच्या तळघरात पंपाच्या खोलीशेजारी बसवलेलं यंत्र. कंपनीने त्याला भलतंच लांबलचक नाव ठेवलं होतं, पण आमच्या ‘सायली सरोवर’ सोसायटीत आठवड्याभरात त्याचं जठर झालं. कचरा पचवतं म्हणून जठर. त्याला पचवता येत होतं, मोजता येत होतं. माणसांशी कसं बोलावं तेवढं येत नव्हतं. ‘आपल्या घराने अपेक्षेपेक्षा अधिक घाण निर्माण केली आहे’ असा त्याने स्वतः जुळवलेला संदेश एका निवृत्त हेडमास्तरांच्या फोनवर गेला आणि ते काठी घेऊन तळघरात उतरले, तेव्हा कंपनी वाक्यं लिहिणारं माणूस शोधायला लागली. मी सापडले. माझी मिहू तेव्हा चार महिन्यांची होती. ती दुपारी झोपली की मला सव्वा तास मिळायचा, कधी पाऊणच. तेवढ्या वेळात मी जठराच्या तोंडी गोड शब्द घालायचे. ‘वा! दह्याचा डबा विसळून टाकलात. आता त्याचा पुन्हा डबा होईल.’

जठराचं काम समजायला अवघड नाही. प्रत्येक मजल्यावर जिन्यापाशी तीन झाकणं : ओलं, सुकं आणि उरलेलं. ओल्याचा गॅस होतो, तो आमच्याच शेगड्यांना येतो. सुक्यावर डोळ्यांना न दिसणारा प्रकाश पडतो. दुधाची पिशवी तो प्रकाश एका तऱ्हेने परत फेकते, शाम्पूची बाटली दुसऱ्या. त्यावरून जठर प्लास्टिकची जात ओळखतं आणि ज्याचं त्याचं विकर सोडतं. विकरं म्हणजे आपल्या पोटातल्या पाचक रसांसारखीच. फक्त ही प्लास्टिकच्या लांबच लांब साखळ्या कडी कडी करून सोडवतात. सुटलेल्या कड्यांचं नवं प्लास्टिक बनतं. ज्यात चार-पाच पदार्थ एकमेकांना असे चिकटलेले असतात की कुठलंच विकर आत शिरत नाही, ते उरलेलं. डायपर, पॅड, गोळ्यांची पाकिटं, सलाईनच्या नळ्या.

आणि कुणाचा कचरा कुठला, हे लपवता येत नाही. प्रत्येक घरात जंतूंची आपापली वस्ती असते. एका ओट्यावर रांधणारी, एका मोरीत हात धुणारी माणसं ती वस्ती अंगावर वागवतात आणि हात लावतील त्यावर तिचा ठसा उमटतो. जठर तो ठसा वाचतं. तिसऱ्या मजल्यावरच्या इनामदारांनी आपली पिशवी गुपचूप बी विंगेत टाकून पाहिली. संध्याकाळी त्यांच्या फोनवर वाक्य आलं, ‘इनामदार, बी विंगेतून पाठवलेली पिशवी पोचली. उगाच एवढी पायपीट कशाला?’ ते वाक्य माझंच. इनामदारांनी स्वतःच ते सगळ्यांना दाखवलं. आख्खी सोसायटी हसली.

हसण्यासारखं तेवढंच होतं. शहराचा कचरा डेपो चार वर्षांपूर्वी कायमचा बंद झाला आणि ज्याचं उरलेलं त्याच्या अंगणात, असा कायदा आला. जठर उरलेल्याच्या करड्या विटा दाबतं आणि त्या सोसायटीच्याच आवारात रचायच्या. आधी त्या कंपाउंडच्या भिंतीला लागून रचल्या. मग बागेत आल्या. घसरगुंडी गेली, बाकं गेली. झोपाळा राहिला, पण त्याच्या दोन्ही अंगांना छातीएवढ्या विटा. म्हणून लॉबीत आकडे दाखवणारा डिजिटल पडदा लावला. त्याला सगळे फळाच म्हणत. चौसष्ट घरं, उरलेल्याच्या वजनानुसार ओळीने. कमी वजनाचं घर वर.

फळा लागल्यावर दोन महिन्यांनी मुग्धाचं झालं. दुसऱ्या मजल्यावरची वीस वर्षांची पोरगी, लग्न झालेलं नाही. जठराने तिच्या वडिलांच्या फोनवर संदेश पाठवला, ‘आपल्या घरी नवा पाहुणा येणार असं दिसतं.’ हे वाक्य माझं नव्हतं. शरीरातून जे बाहेर पडतं तेही जठराला तपासावं लागतं, नाहीतर रोगाचे जंतू विटांमध्ये राहतील. तपासताना त्याला कळलं आणि कळलं ते त्याने सांगून टाकलं. तिसऱ्या दिवशी मुग्धाला मामाकडे पोचवलं. तिचं कॉलेज सुटलं.

मी इतकी चिडले होते की मिहूला कडेवर घेऊन सोसायटीच्या सभेत उभी राहिले. म्हटलं, ‘यंत्राने कचऱ्याबद्दल बोलावं. माणसाच्या अंगाबद्दल त्याने तोंड उघडता कामा नये.’ टाळ्या पडल्या. कंपनीने मलाच सांगितलं, यादी कर. एका दुपारी मी जठराने न बोलायच्या अकरा गोष्टी लिहून काढल्या. गर्भ, पाळी, दारू, साखर, लघवी, मनाच्या आजाराच्या गोळ्या, असं सगळं. कंपनीने ती यादी राज्यातल्या सगळ्या जठरांना लावली. मला फार बरं वाटलं होतं. बाळंतपणानंतर पहिल्यांदा वाटलं, आपण काहीतरी केलं.

मग आबा पडले.

आबा माझे सासरे, दत्तू खंडागळे. एकतीस वर्षं त्याच डेपोवर मुकादम होते. गाड्या मोजायच्या, माणसांची हजेरी घ्यायची, कचऱ्याच्या डोंगराला आग लागली की पहिल्यांदा स्वतः वर चढायचं. मोरीत घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं आणि हृदय अशक्त म्हणून ऑपरेशन करता आलं नाही. ते कायमचे पलंगाला खिळले. मिहूचे डायपर होतेच, आता आबांचेही आले. दोन आठवड्यांत आमचं घर फळ्यावर चौसष्टावं झालं.

‘सवलतीचा अर्ज भरू या, आबा,’ मी म्हटलं. ‘आजारी माणूस असला की वजन माफ करतात. फक्त फळ्यावर पिवळा ठिपका येतो. खोटी सवलत कुणी घेऊ नये म्हणून.’

‘ठिपका कुणाच्या नावापुढं?’

‘खंडागळ्यांच्या.’

‘मग नको.’

‘अहो, त्यात काय एवढं?’

आबा छताकडे बघत म्हणाले, ‘हितं राहायला आलो ना, तवा पहिल्याच दिवशी लिफ्टमधी एकानं विचारलं, कुठं होता कामाला? म्हटलं, म्हापालिकेत. कुठल्या खात्यात? म्हटलं, डेपोवर. तर तो माणूस एक पाऊल मागं सरला. पोरी, लिफ्टमधी मागं सरायला जागा तरी असती का? पण सरला. आता त्याच फळ्यावर खंडागळ्यांपुढं ठिपका? जल्मभर दुसऱ्यांची घाण काढली. माझी घाण कुणी मोजून माफ करायला नको.’

मी संकेतकडे पाहिलं. माझा नवरा वडिलांपुढे कधी बोलत नाही. ‘राहू दे ना, यशू,’ तो म्हणाला. ‘त्यांचं मन नको मोडायला.’

अर्ज मला आबांना न विचारताही भरता आला असता. चार बटणं दाबायची होती. खरं सांगायचं तर मलाही तो ठिपका नको होता. फळ्याची वाक्यं लिहिणारी मी, माझ्याच घराला ठिपका?

त्याच आठवड्यात सेक्रेटरी बोधनकर काकू वाटीत सुरळीच्या वड्या घेऊन आल्या.

‘अगं यशोधरा, तू तर जठराची ताई. आणि तुझंच घर तळाला?’

‘पहिलं कोण आहे, काकू?’

‘अकराशे दोन.’

‘ते तर दुबईला असतात!’

‘म्हणून तर पहिले!’ काकू स्वतःच हसल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘चेष्टा सोड. विटा अशाच वाढल्या ना, तर दिवाळीनंतर झोपाळा काढावा लागेल. तुझीच मिहू आता बसायला लागली. नुकसान तिचंच गं.’

आबांच्या खोलीचं दार उघडं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी मिहूला लंगोट सुरू केले. जुन्या सुती साड्या फाडून शिवले, धुऊन गॅलरीत वाळत घातले. दिवसाला पंधरा-सोळा. आबा पलंगावरून बघत असायचे. ‘लई कामाला लागलीस,’ म्हणायचे. पहिल्या आठवड्यात आमचं वजन थोडं उतरलं, दुसऱ्यात आणखी, तिसऱ्यात फारच. चौसष्टावरून एक्केचाळीसवर, मग बारावर. रोज संध्याकाळी मी लॉबीतून वर आले की आबा मान उचलायचे.

‘आज फळ्यावर काय?’

‘नववं, आबा!’

‘आसं का! मग दुबईवाल्यांना गाठतो का न्हाई?’

मला वाटायचं, माझ्या लंगोटांमुळे. मी तसं सगळ्यांना सांगितलंसुद्धा. आबांनी त्याच सुमाराला चहा सोडला. पित्त होतं म्हणाले. ताक नको, सर्दी होते. आमटी नको, भाकरी कोरडीच बरी लागते. मी भाकरी करत राहिले. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडाची चव बदलते, असं माझ्या आईनेही फोनवर सांगितलं.

एका सोमवारी माझ्याच फोनवर माझंच वाक्य आलं. ‘शाब्बास, खंडागळे! तुमच्या घराकडून सगळ्यांनी शिकावं.’ कुलूपबंद घरं सोडली तर आम्ही पहिले होतो. बोधनकर काकू प्रमाणपत्र घेऊन वर आल्या, बरोबर आठ-दहा माणसं. आबांना उशीला टेकवून बसवलं, हातात प्रमाणपत्र दिलं. त्यांचे ओठ फुटले होते. मी साय लावली. फोटो काढताना कुणीतरी म्हणालं, ‘मुकादमकाका, शेवटी अनुभव तो अनुभव!’ आबा हसले. लिफ्टमधला तो माणूसही आला होता म्हणे. त्याने आबांशी हात मिळवला. हे मला आबांनीच नंतर सांगितलं, दोनदा.

नऊ दिवसांनी सकाळी त्यांनी मिहूला ‘संकेत’ म्हणून हाक मारली. मला आधी गंमत वाटली. मग ते मला ओळखेनात. जीभ लाकडासारखी झाली होती.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी त्यांच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली.

‘पाणी किती पितात?’

‘उशाशी तांब्या असतो. रोज रिकामा होतो,’ मी म्हटलं. ‘मीच भरते.’

‘हे पाणी प्यायलेल्या माणसाचं शरीर नाही,’ डॉक्टर म्हणाले. ‘किडन्या आधीच थकलेल्या असणार. आता जवळजवळ बंद आहेत.’

संकेत कपडे आणायला घरी गेला आणि तिथूनच त्याचा फोन आला. म्हणाला, ‘यशू, खिडकीतल्या अळूच्या कुंडीत नुसता चिखल झालाय. पलंगावरून हात पोचतो तिथवर.’

अळू माजला होता. गेल्या दीड महिन्यात मी त्याचं दोनदा फदफदं केलं होतं आणि आबांनाही वाढलं होतं. त्यांनी दोन्ही वेळा ‘नको’ म्हटलं होतं.

कंपनीच्या कामासाठी मला जठराच्या आतल्या नोंदी बघता यायच्या. दुसऱ्याच्या घराच्या मी कधी उघडल्या नाहीत. आमच्याही नव्हत्या उघडल्या. हॉस्पिटलच्या बाकावर मिहूला पदराखाली घेऊन मी त्या उघडल्या. सत्तेचाळीस दिवसांच्या नोंदी. आबांच्या डायपरचं वजन रोज थोडं थोडं उतरत गेलेलं. आणि त्याच्या शेजारी लघवीतल्या क्षारांचा आकडा रोज चढत गेलेला. अठराव्या दिवशी जठराने वाक्य जुळवलं होतं, ‘आपल्या घरातील वृद्ध व्यक्ती पुरेसे पाणी घेत नाही.’ एकोणिसाव्या दिवशी पुन्हा. विसाव्या दिवशी पुन्हा. रोज एकदा, शेवटच्या दिवसापर्यंत. प्रत्येक वाक्यापुढे एकच शेरा. ‘पाठवले नाही. यादी, क्रमांक पाच.’

जठराला कळलं होतं. ते रोज सांगायला येत होतं आणि रोज मी त्याच्या तोंडावर हात ठेवत होते.

मी तिथूनच वेदांगीला फोन लावला. कंपनीतली माझी वरिष्ठ. ‘पाचवा क्रमांक काढ,’ म्हटलं. ‘आत्ताच्या आत्ता काढ.’

तिने सगळं ऐकून घेतलं. ‘यशोधरा, काढते. पण लघवीवरून फक्त पाणीच कळतं का? गर्भही कळतो. क्रमांक पाच काढला की उद्या दुसरी मुग्धा.’

‘मग फक्त म्हाताऱ्यांचं सांगू दे.’

‘म्हाताऱ्यांचं कुणाला सांगायचं? ज्याने लपवलंय त्याला, की ज्याच्यापासून लपवलंय त्याला? प्रत्येक घराची संमती घ्यावी लागेल. सभा, मतदान. सहा महिने तरी जातील. तुला माहितीये, ती यादी वाईट नव्हती गं.’

ते मला माहीत होतं. त्याचाच तर त्रास होता.

सहा दिवस सलाईन लावल्यावर आबा शुद्धीवर आले. मिहूला बघून त्यांनी बोट पुढे केलं, तिने ते तोंडात घातलं. मी पेला भरून त्यांच्या ओठांशी नेला, तर सिस्टरने हात धरला. ‘आता नाही चालणार, मॅडम. किडनी बाहेरच टाकत नाहीये. दिवसाला दोन पेले, तेही घोट घोट.’

मी पेला हातात धरून उभी राहिले.

डॉक्टरांनी आम्हा तिघांना समजावून सांगितलं. हृदय अशक्त असल्यामुळे मशीनवरचं डायलिसिस झेपणार नाही. पण पोटात नळी बसवून घरच्या घरी करता येईल. दिवसाला औषधी पाण्याच्या चार पिशव्या आत सोडायच्या, चार बाहेर काढायच्या. नीट केलं तर दोन वर्षं, तीनही. नाही केलं तर आठ-दहा दिवस. त्यांनी संमतीचा कागद ठेवला. ‘मान्य’ आणि ‘अमान्य’, दोन चौकोन. निर्णय पेशंटचा, म्हणाले, ते पूर्ण शुद्धीत आहेत.

‘चार पिशव्या,’ आबा म्हणाले. ‘आन नळ्या?’

‘नळ्याही रोज नव्या,’ मी म्हटलं. ‘मी करीन सगळं, आबा. शिकवतात इथे. मिहू झोपली की करीन.’

‘त्या जातात कुठं?’

एकतीस वर्षं डेपोवर काढलेल्या माणसाचा तो पहिला प्रश्न होता.

‘उरलेल्यात जातात,’ मी म्हटलं. ‘पण मी सवलतीचा अर्ज भरलाय. परवाच. तुम्हाला न विचारता भरला. ठिपका लागलाय, आबा, आणि कुणी काहीसुद्धा म्हणालेलं नाही.’

‘वजन माफ होतं. वीट कुठं माफ होती?’ आबा शांतपणे म्हणाले. ‘किती होतील?’

‘आठवड्याला तीन-चार.’

‘म्हंजी वर्षाला झोपाळा गेला.’

‘जाऊ दे ना मग झोपाळा!’ संकेत एकदम ओरडला. वडिलांपुढे त्याचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. ‘कुणाला हवाय झोपाळा? आबा, तुम्ही मुकाट्याने सही करा.’

‘करतोय की,’ आबा म्हणाले. ‘चष्मा दे.’

त्यांनी चष्मा लावला. कागद वरपासून खालपर्यंत वाचला, ओळीखाली बोट धरून, हजेरीचं बुक तपासावं तसा. मग पेन मागितला. ‘अमान्य’च्या चौकोनात त्यांनी फुली मारली आणि खाली पूर्ण नाव लिहिलं, दत्तू सखाराम खंडागळे, मुकादम.

संकेत बाहेर निघून गेला. मी भांडले. काय काय बोलले ते आता आठवत नाही. मिहूला झोपाळा नको, आजोबा हवेत, असं काहीतरी म्हटलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं.

‘पोरी, टाकलेलं कुठंच जात न्हाई,’ ते म्हणाले. ‘म्या त्याच्यावर उभं राहून बगितलंय. तीस वर्षांमागची पिशवी खालनं निघायची, वरची अक्षरं वाचता यायची. आपण जातो, ते ऱ्हातं. माझ्यापायी तिच्या अंगणात भित उभी ऱ्हायली, तर ती भित मला तिची कोण म्हणून लागंल?’

‘मी रागावलेय तुमच्यावर, आबा.’

‘राग की. तुला हक्क हाय.’

पलंगाच्या कडेला लघवीची पिशवी लटकत होती, तिच्यात जेमतेम बोटभर. आबांनी तिच्याकडे पाहिलं.

‘हितलं वजन आपल्या फळ्यावर येत न्हाई ना?’

‘नाही, आबा. इथलं नाही येत.’

‘नक्की?’

‘नक्की.’

‘मग पाणी दे. भरून दे.’

सिस्टर दारात उभी होती. तिने टेबलावरचा कागद पाहिला, चौकोनातली फुली पाहिली आणि बाजूला झाली. मी पेला काठोकाठ भरला. आबांनी तो दोन्ही हातांनी धरला, माझ्या हाताने घेईनात. ओठांच्या कोपऱ्यातून सांडत होतं, गळ्याची घाटी वर-खाली होत होती. तळ दिसेपर्यंत त्यांनी पेला खाली घेतला नाही. मग रिकामा पेला माझ्यापुढे धरला.

‘अजून,’ म्हणाले.